पाठीमागून उघडणारा गाऊन

माझ्या सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मी दारात हातात फुलं घेऊन उभी, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू, आणि बाई बघताहेत माझ्या खांद्यांकडे. बघून झाल्यावर म्हणाल्या, "डावा खांदा जरा उतरता आहे. चालेल, आतून पॅड लावता येईल." मी होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "आवडलीस तू तिला." मला राग पटकन येतो आणि उतरायला वेळ लागतो, त्यामुळे तो खांदा मी पुढं बरेच दिवस मनात धरून होते.

सासूबाईंचा सारा जन्म एका नाटक कंपनीच्या कपडेपटात गेला. नाटकातल्या लोकांचे कपडे शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायचे, आणि खेळ चालू असताना विंगेत उभं राहून ते त्यांच्या अंगावर चढवायचे आणि उतरवायचे. यातलं शेवटचं काम खरं अवघड. राणी झालेली बाई रंगमंचावरून आत आली की दिवे जाऊन परत येईपर्यंत तिची भिकारीण व्हायला हवी. राणीनं फक्त हात पसरून उभं राहायचं. बाकी सगळं सासूबाईंचे हात करायचे. अंधारात, काळे कपडे घालून, तोंडात टाचण्या धरून. त्या टाचण्यांमधून बोलायची सवय इतकी जडली होती, की तोंड रिकामं असतानाही त्या ओठ मिटूनच बोलायच्या. त्यांचं बोलणं समजायला मला वर्ष लागलं. नवरा म्हणायचा, "तुझं नशीब चांगलं. निदान एक वर्ष तरी शांततेत गेलं."

समोर माणूस आलं की त्यांचे हात शिवशिवायचे. कुरिअरवाला दारात आला की सही करता करता त्याच्या शर्टाचं निसटलेलं बटण लावून मोकळ्या. बँकेत एकदा साहेबांची कॉलर सरळ केली आणि साहेब निमूट मान उंच करून उभे राहिले. नवरा तर सांगतो, की कॉलेज संपेपर्यंत शर्टाचं वरचं बटण स्वतः लावल्याचं त्याला आठवत नाही. स्वतःच्या वस्तू मात्र त्या कुणाला हाताळू देत नसत. त्यातही त्यांची कात्री. काळ्या मुठीची, जड, चांगली हातभर वाटावी अशी. ती फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून पर्समध्ये बरोबर असायची, मग जायचं भाजी आणायला का असेना. नवऱ्यानं लहानपणी त्या कात्रीनं पुठ्ठा कापला होता. त्या दिवसाचं वर्णन तो अजूनही आवाज खाली आणून करतो.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी कंपनी सोडली आणि शिलाई मशीन अन् दोन पेटारे घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. मला तेव्हा दिवस गेलेले. मुलगी झाली, ती पोट कापून. गोल गरगरीत चेहरा आणि मधोमध चार ठिपके काढल्यासारखे डोळे, नाक आणि तोंड. सासूबाईंनी तिला बघताक्षणी 'गुंडी' म्हटलं आणि तेच चिकटलं.

बाळ यायच्या आधी आमच्या घरात बाळाच्या कपड्यांचा नुसता ढीग झाला होता. टोपडी, झबली, मोजे, त्या मोज्यांना कान. बाळाच्या आईनं काय घालायचं याचा विचार कुणीच केला नव्हता आणि खरं सांगायचं तर मीही नाही. मला वाटलं होतं, पोट रिकामं झालं की माझे जुने कपडे मला परत होतील. ते झाले नाहीत. पायजम्याची नाडी नेमकी टाक्यांवर यायची. ती सैल बांधावी तर पायजमा खाली, घट्ट बांधावी तर डोळ्यांपुढं काजवे. टीशर्ट वर करून पाजायला घ्यावं तर तो घसरून पोरीच्या नाकावर. माझे चांगले ड्रेस सगळे पाठीला चेन असलेले. माझ्या बहिणीनं मोठ्या हौसेनं एक गाऊन आणला होता, फिकट गुलाबी, गळ्यापासून कमरेपर्यंत मसुराच्या दाण्याएवढ्या बटणांची रांग. दुधाचे दोन गोल डाग त्या गुलाबी रंगावर असे उठून दिसायचे, की शेजारीण आली तर मी छातीशी उशी धरून बसायची. आणि ती बटणं एका हातानं काढेपर्यंत गुंडी रडून रडून लालबुंद. मग तिला प्यायची शुद्धच राहायची नाही. चार घोट घ्यायची, दमायची आणि झोपून जायची.

तपासणीला नेलं तेव्हा तिचं वजन वाढलेलं नव्हतं. आमच्या डॉक्टरीणबाई शांत, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पाजून दाखवायला सांगितलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "दूध आहे. पकडही चांगली आहे. पण ती रडून थकल्यावर अंगावर येते आहे. तोंड हलवायला लागली, मूठ चोखायला लागली की लगेच घ्या. रडण्याची वाट बघू नका. पुढच्या तपासणीलाही वजन असंच राहिलं तर जोडीला वरचं दूध सुरू करू. त्यात वाईट काही नाही."

त्यात वाईट काही नाही हे मलाही कळत होतं. मी स्वतः वरच्या दुधावर वाढले आणि काही वाईट निपजले नाही, नवरा काही का म्हणेना. पण मला तिला अंगावर पाजायचं होतं. का, ते विचारू नका. एवढे महिने मी बरंच काही सोडलं होतं, झोप सोडली, चहा सोडला, पोटावर झोपणं सोडलं. ही एक गोष्ट मला हवी होती आणि ती हातातून निसटते आहे असं दिसत होतं. टॅक्सीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. सासूबाई शेजारी होत्या. त्यांनी फक्त माझ्या गाऊनच्या त्या बटणांकडे एक नजर टाकली, विंगेत एखादा कपडा ऐन वेळी दगा देतो तेव्हा टाकत असतील तशी.

घरी आल्या आल्या पेटारा उघडला. कुठल्याशा जुन्या नाटकातल्या परीच्या झग्याचा घोळ बाहेर निघाला, धुऊन धुऊन लोण्यासारखा मऊ झालेला सुती कपडा, गडद हिरवा, त्यावर बारीक पानांची गिचमीड. "ओलं झालं तरी यावर दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दिव्यांखाली नटाला घाम फुटतो, तेव्हा असंच लागतं." मग मशीन सुरू झालं. संध्याकाळी त्यांनी मला आरशासमोर उभं केलं आणि गाऊन चढवला.

आता त्या गाऊनचं कौतुक करायलाच हवं. कमरेला नाडी नाही, इलास्टिक नाही. छातीखालून जो सैल सुटला तो थेट पायांपर्यंत, टाक्यांना कशाचाही स्पर्श नाही. दवाखान्यातून आल्यापासून मी कुबड काढून चालत होते. त्या संध्याकाळी मी ताठ उभी राहिले आणि तसं उभं राहता येतं हे आठवून मला हसू आलं. नवरा म्हणाला, "महाराणी दिसतेस." दिसतच होते.

"आता बघ," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. पाठीवर चर्रकन आवाज झाला आणि पापणी लवायच्या आत गाऊन खांद्यांवरून उतरून माझ्या कोपरांशी आला. पाठीला मानेपासून कमरेपर्यंत व्हेल्क्रोची पट्टी होती. त्या पुढं येऊन उभ्या राहिल्या, हाताची घडी घातलेली, चेहऱ्यावर असं समाधान की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "बटण नाही, हूक नाही, चेन नाही," त्या म्हणाल्या. "राणीची भिकारीण यापेक्षा हळू व्हायची."

घोटाळा काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या ध्यानात यायला दुसरा दिवस उजाडला. गुंडी मूठ चोखायला लागली, मी तिला उचललं, आणि मग लक्षात आलं की माझे हात माझ्या पाठीपर्यंत जात नाहीत. धडधाकट असते तरी एका हातानं ते जमलं नसतं, इथं तर पोट शिवलेलं. मी हाक मारली, "आई." सासूबाई धावत आल्या, मागं उभ्या राहिल्या, चर्रकन पट्टी उघडली. त्या आवाजानं गुंडी अशी दचकली की दोन्ही हात हवेत फेकून रडायला लागली. नाटकात त्या वेळी बाहेर ढोल वाजत असायचे, त्यांना हा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

पहिले दोन दिवस मी हाका मारत राहिले. "आई." त्या अंघोळीला असल्या तर ओल्या केसांनी यायच्या. फोनवर असल्या तर फोन कानाला धरून यायच्या. हौसेनं यायच्या हो, तेच तर अवघड होतं. कंपनी सोडल्यापासून कुणी त्यांना विंगेतून हाक मारली नव्हती. आणि मी, जी एरवी दूधवाल्यालाही सोडत नाही, ती तोंडातून ब्र काढायला तयार नव्हते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू सांग." मी म्हटलं, "तुझी आई आहे." तो म्हणाला, "म्हणूनच." अशा माणसाबरोबर मी संसार करते.

मग हाका मारायचा संकोच वाटायला लागला. वाटायचं, आत्ताच बसल्यात जरा, गुडघे दुखताहेत त्यांचे, पाच मिनिटांनी बोलावू. पाच मिनिटांत गुंडीनं घर डोक्यावर घेतलेलं असायचं. म्हणजे आम्ही फिरून पुन्हा बटणांच्याच गावाला आलो होतो. तपासणीचा दिवस जवळ येत होता आणि पोरीचे हात मला बारीक वाटायला लागले होते. खरंच बारीक होते की माझे डोळे, कोण जाणे.

एका दुपारी सासूबाई तिच्यासाठी झबलं कापत होत्या. मध्येच इलास्टिक संपलं, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. कापड टेबलावर तसंच पडलेलं, म्हणून कात्रीही टेबलावरच राहिली. त्या जिना उतरल्या असतील नसतील, गुंडी जागी झाली. चांगली शांत जागी झाली, डोळे उघडे, जीभ बाहेर, ओठ चाटते आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ती खूण, अगदी तीच. मी हात पाठीमागं घातला. पोहोचला नाही. भिंतीला पाठ घासून बघितली. खांद्यावरून ओढला, तर टाक्यांत अशी कळ आली की मी पलंगावर बसलेच. गुंडीचा खालचा ओठ बाहेर यायला लागला.

मी उठले, टेबलापाशी गेले आणि सासूबाईंची कात्री उचलली.

गाऊन पुढून कापला. विचार केला नाही. डाव्या हातात पोर, उजव्या हातात ती जड कात्री, जिथं हात सहज गेला तिथं एक उभी चीर, मग पोर दुसऱ्या हातावर घेऊन दुसरी. परीचं कापड, लोण्यासारखं कापलं गेलं. आणि गुंडी रडायच्या आधी प्यायला लागली. रडायच्या आधी. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. ती घाई न करता, डोळे अर्धे मिटून, घटाघट पीत होती, आणि मध्येच दम घ्यायला थांबून परत पीत होती. माझे खांदे खाली आले. तेव्हा कळलं की इतके दिवस ते कानांपाशी होते, उतरता डावा धरून.

दार वाजलं. सासूबाई इलास्टिकची गुंडाळी हातात घेऊन आत आल्या आणि दारातच थांबल्या. त्यांना काय दिसलं असेल ते सांगते. मशीनवर दिवसभर खपून शिवलेला गाऊन पुढून चराचरा कापलेला. पलंगावर त्यांची कात्री, उघडी. आणि सून पाय लांब करून बसलेली. मी म्हटलं, "आई, माझा हात पाठीमागं जात नाही." एवढंच म्हणायला मला चार दिवस लागले होते.

त्या जवळ आल्या, आधी कात्री मिटून फ्लॅनेलमध्ये गुंडाळली. मी मनात म्हटलं, आता ऐका. मग त्या माझ्या समोर खाली वाकल्या आणि त्या चिरांकडे बघत राहिल्या. बोटानं कापडाची कड चाचपली. गुंडी पीत होती, तिच्या गिळण्याचा आवाज खोलीत ऐकू येत होता.

"इथंच का कापलंस?" त्यांनी विचारलं.

"हात तिथंच गेला."

"ही दुसरी वाकडी आहे."

"ती डाव्या हातानं कापली."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. तोंड पूर्ण उघडून बोलल्या, टाचण्या नसल्यासारखं, इतकं स्पष्ट की मला नवल वाटलं. "जन्मभर लोकांना कपडे घातले गं मी. हात पसरून उभं राहा म्हटलं, की राहायचे. ज्याच्या अंगावर कपडा चढतो त्यालाही हात असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." आणि हसायला लागल्या. त्यांच्या हसण्यानं पलंग हलला, तरी गुंडीनं पिणं सोडलं नाही. मीही हसले, टाके धरून हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, पण ते टॅक्सीतलं रडू नव्हतं.

तो गाऊन त्यांनी फेकला नाही. त्याच चिरांच्या कडा दुमडून हातानं शिवल्या, वाकडी होती ती वाकडीच ठेवून. "तुझा हात जातो तिथं भोक हवं," त्या म्हणाल्या, "सरळ दिसायचं काय करायचंय, बाहेर प्रेक्षक बसलेत का?" पाठ बंद करून टाकली, व्हेल्क्रो उसवून काढला. चिरा झाकायला वरून त्याच कापडाची एक रुंद झालर लावली, ती उचलली की झालं, सोडली की झालं, आवाज नाही आणि काही लावायचं नाही. आतून मऊ सुती कापडाच्या घड्या बसवल्या, भिजल्या की काढून धुवायच्या. आणि मग माझी तालीम घेतली. माझ्या डाव्या हातात उशी दिली. "ही गुंडी. डोळे मीट. आता उघड." मी उघडला. "परत." परत उघडला. त्या समोर उभ्या होत्या आणि त्यांचे हात राहून राहून पुढं येत होते. शेवटी त्यांनी ते पाठीमागं नेले आणि एकमेकांत अडकवून धरले.

त्यानंतर घरात रडणं कमी झालं म्हणजे किती, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारायला माणूस पाठवला, की सगळं ठीक आहे ना.

तपासणीला मी तोच गाऊन घालून गेले. दवाखान्याच्या बाकावर बसलो, गुंडीनं ओठ चाटले, मी झालर उचलली आणि तिला घेतलं. समोरून माणसं ये-जा करत होती, कुणाला पत्ताही लागला नाही. आमचा नंबर आला. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, आकड्याकडे पाहिलं, कागदावर मागचा आकडा पाहिला, आणि परत काट्याकडे पाहिलं.

"छान वाढलंय," त्या म्हणाल्या.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "लंगोट मी शिवलाय. जाड आहे. तो काढून करा."

"लंगोटाचं वजन मी धरत नाही हो, आजी. वजा करते."

"माझ्या लंगोटाचं तुम्हाला माहीत नाही. काढा."

डॉक्टरीणबाईंनी हसत लंगोट काढला. गुंडीनं त्या मोकळ्या वेळेचा लगेच फायदा घेतला, तेव्हा काटाही पुसावा लागला. पुन्हा वजन केलं. तरीही वाढलेलंच होतं, चांगलं भरघोस. "वरच्या दुधाची काही गरज नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी तपासायच्या स्टुलावरच बसले. सासूबाईंनी माझी कॉलर सरळ केली. त्या गाऊनला कॉलर नव्हती, पण त्यांना काहीतरी सरळ करायचं होतं.

बाहेर आलो, तर आमच्या जागेवर एक पोरसवदा बाई बसली होती. मांडीवर तान्हं, किंचाळत होतं. अंगात सुंदर निळा ड्रेस, पाठीला चेन. ती एका हातानं पाठ शोधत होती, घामाघूम झाली होती, बरोबर कुणी नव्हतं. सासूबाई थबकल्या. त्यांचे हात वर आले, तिच्या पाठीकडे निघाले, आणि मध्येच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी बसल्या, पर्स उघडली आणि फ्लॅनेलची गुंडाळी सोडली.

"हा ड्रेस तुझा फार लाडका आहे का गं?"

बाई गोंधळली. बाळाकडे बघत म्हणाली, "नाही, तसा काही नाही."

सासूबाईंनी बाळ स्वतःकडे घेतलं आणि जी कात्री त्यांनी पोटच्या पोराला कधी धरू दिली नाही, ती मूठ पुढं करून तिच्या हातात दिली. "मी नाही कापणार. तुझा हात कुठं जातो ते तुलाच माहीत. कडा मग मी शिवून देते, दोरा आहे माझ्याकडे."

बाईनं कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझी झालर उचलून तिला ती वाकडी चीर दाखवली.

"काप बिनधास्त," म्हटलं.